पुनर्मीलनकथा, तृतीयपंथी जीवनावरील

पुनर्मीलनकथा, तृतीयपंथी जीवनावरील : एकदा तुटलेले किंवा नाकारले गेलेले प्रेम कालांतराने पुन्हा जुळून येते, अशी रचना असलेल्या कथेस पुनर्मीलनकथा म्हणतात. अशा कथेचा नायक वा नायिका तृतीयपंथी असली, म्हणजे जन्मतः नोंदले गेलेले लिंग व स्वतःला जाणवणारी लिंगभावना ह्यांत अंतर असलेली व्यक्ती असली, तर पुनर्मीलनाच्या प्रश्नाला वेगळे वळण लागते. परतलेली व्यक्ती पूर्वीच्याच देहात व वेषात परतलेली नसते, किंवा समाजाने तिला दिलेला वेष उतरवल्यावाचून तिला परतता येत नाही. तिला ओळखावयाचे कोणी व कोणत्या नावाने, हा अशा कथेचा गाभा होय. इंग्रजीत ह्या प्रकारच्या कादंबऱ्या एकविसाव्या शतकात स्वतंत्रपणे लिहिल्या जाऊ लागल्या. मराठीत हा विषय पौराणिक आख्याने, संगीत नाटक, मूकपट, ग्रामीण कादंबरी, चित्रपट व आत्मकथन अशा निरनिराळ्या वाटांनी आलेला आहे. ह्या वाटांपैकी अनेक नाशिक व त्याच्या परिसरातून जातात.

संज्ञा : संस्कृत ग्रंथांत क्लीब, षंढ, तृतीया प्रकृती अशा संज्ञा आढळतात. मराठी बोलीत हिजडा हा शब्द रूढ असून तो दीर्घकाळ हेटाळणीसाठी वापरला गेला. पुढे ह्या समाजातील काही लेखक-कार्यकर्त्यांनी तो आत्माभिमानाने स्वीकारला. शासकीय व वृत्तपत्रीय लेखनात तृतीयपंथी हा शब्द स्थिरावला, तर अलीकडील लेखनात पारलिंगी हाही शब्द योजला जातो. जन्मतः स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्वतःस पुरुष मानणाऱ्या व्यक्तींचाही त्यात समावेश होतो. दक्षिण महाराष्ट्रातील जोगता हा मात्र यल्लम्मा देवीस वाहिलेला व स्त्रीवेष धारण करणारा पुरुष होय. काही जोगत्यांची लिंगभावना स्त्रीची असते, तर काहींवर तो वेष रूढीने लादलेला असतो. हा भेद लक्षात न घेतल्यास ह्या विषयावरील मराठी साहित्याचा अर्थ नीट लागत नाही.

पौराणिक पूर्वपीठिका : भारतीय परंपरेतील पुनर्मीलनकथेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शकुंतलेचे होय. नल-दमयंतीच्या आख्यानातही विरूप झालेल्या नलाला दमयंती ओळखते व नंतरच त्यांचे मीलन होते. ह्या दोन्ही कथांत देह किंवा स्मृती हरवते, पण स्त्री-पुरुष हा भेद अबाधित राहतो. महाभारतातील अंबेची कथा ह्याहून वेगळी आहे. काशिराजाच्या ह्या कन्येस भीष्माने स्वयंवरातून पळवून आणले. तिने शाल्वास मनाने वरिले असल्याचे कळल्यावर भीष्माने तिला परत पाठविले, परंतु शाल्वाने तिचा स्वीकार केला नाही व भीष्मानेही आपली प्रतिज्ञा मोडण्यास नकार दिला. कोठेच ठाव न राहिलेल्या अंबेने तप केले. पुढील जन्मी ती द्रुपदाच्या घरी कन्या म्हणून जन्मली. तिचे संगोपन पुत्र म्हणून झाले व दशार्णराजाच्या कन्येशी तिचा विवाहही लावण्यात आला. सत्य उघडकीस येण्याची वेळ आली असता स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने आपले पुरुषत्व तिला दिले. हाच शिखंडी होय. अंबेला दुसरी संधी मिळाली ती प्रेमाची नव्हे, तर सूडाची. इरावती कर्वे ह्यांनी *युगान्त* (१९६७) ह्या ग्रंथात भीष्माच्या चरित्राची चिकित्सा करताना अंबेच्या वाट्यास आलेल्या ह्या अन्यायाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले.

अनुशासनपर्वातील भंगाश्वन राजाची कथा त्या मानाने कमी परिचित आहे. इंद्राच्या कोपाने स्त्री झालेल्या ह्या राजास पुढे पुन्हा पुरुष होण्याची संधी दिली जाते. तथापि तो स्त्रीत्वच मागून घेतो. लिंगभावनेची निवड व्यक्तीने स्वतः करावी, असा विचार एका जुन्या कथेत सूचित झालेला येथे दिसतो.

लोकपरंपरा : नाशिकच्या पंचवटीत राम, लक्ष्मण व सीता ह्यांनी वनवासाचा काही काळ व्यतीत केला, अशी श्रद्धा आहे. ह्या वनवासाशी तृतीयपंथी समाजाने आपली एक आख्यायिका जोडली आहे. वनवासास निघताना रामाने मागे आलेल्या स्त्री-पुरुषांना घरी परतण्यास सांगितले. जे ना स्त्री होते ना पुरुष, त्यांना ती आज्ञा लागू झाली नाही, म्हणून ते चौदा वर्षे तेथेच थांबून राहिले. परतलेल्या रामाने त्यांची निष्ठा पाहून त्यांना आशीर्वाद देण्याची शक्ती दिली. वाल्मीकिरामायणात हा प्रसंग नाही. परंतु जन्म व विवाह ह्या प्रसंगी तृतीयपंथीयांचा आशीर्वाद शुभ मानण्याच्या चालीस ही कथा आधार देते. संबोधनात आपले नावच नव्हते, म्हणून आपण थांबून राहिलो, ही तिच्यातील खंत विशेष बोलकी आहे.

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात असलेला सप्तशृंगी गड देवीच्या साडेतीन पीठांपैकी अर्धे पीठ मानला जातो. कोजागरी पौर्णिमेस येथे कावडी घेऊन येणाऱ्या भाविकांप्रमाणेच तृतीयपंथी भक्तही मोठ्या संख्येने जमतात व देवीचा छबिना काढतात. एरवी रस्त्यावर वा रेल्वेत ज्यांच्याकडे लोक पाठ फिरवितात, त्यांच्या पाया ह्या रात्री लोक पडतात. मान व अवमान ह्यांचे असे एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र येणे, हे ह्या समाजाच्या जीवनातील मूलभूत विसंगतीचे निदर्शक आहे.

मराठी राज्यात ह्या समाजास काही वहिवाटी हक्कही होते. दख्खनमध्ये काही हिजड्यांना सनदांनुसार इनाम जमिनी व गावोगाव मागणी करण्याचे हक्क मिळाले होते व ते गुरूकडून शिष्याकडे चालत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालविण्यास नकार दिला. त्यामुळे ज्यास कागदोपत्री स्थान होते, असा एक समाज हळूहळू निव्वळ भिक्षेवर आला.

रंगभूमी व मूकपट : आधुनिक मराठी रंगभूमीचा एक महत्त्वाचा आरंभ पुनर्मीलनकथेनेच झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या *संगीत शाकुंतल* नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे झाला. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुष करीत. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) व नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) ह्यांनी शकुंतलेची भूमिका गाजविली. प्रेक्षकांतील स्त्रिया बालगंधर्वांच्या पेहरावाचे अनुकरण करीत. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या वेळी तेथे *संगीत शारदा* ह्या नाटकाचा प्रयोग होता. बालिकावधूच्या दुःखावरील ह्या नाटकातील शारदाही त्या काळी पुरुष नटच साकारीत.

चित्रपटाच्या बाबतीत नाशिकचे स्थान अधिक महत्त्वाचे आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) ह्यांच्या *राजा हरिश्चंद्र* (१९१३) ह्या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुष नटाने केली. त्यानंतर फाळके नाशिक येथे आले. *मोहिनी भस्मासुर* (१९१३) ह्या त्यांच्या चित्रपटाचा विषयच विष्णूने घेतलेले स्त्रीरूप हा होता. त्यात मात्र दुर्गाबाई कामत व कमलाबाई ह्या मायलेकींनी भूमिका केल्या. *लंकादहन* (१९१७) मध्ये साळुंके ह्यांनी राम व सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. विरही नायक व नायिका एकाच देहात साकार झाल्याचे हे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात विरळाच होय.

नटांची ही स्त्रीभूमिका व तृतीयपंथी व्यक्तीची लिंगभावना ह्या एक नव्हेत. प्रयोग संपल्यावर नट आपल्या घरी पुरुष म्हणून परतत असे. त्याच्या स्त्रीरूपास रंगमंचावर दाद मिळे, परंतु तेच रूप रंगमंचाबाहेर घेऊन वावरणाऱ्यास समाजात स्थान नव्हते. तमाशातील नाच्याची स्थिती ह्या दोहोंच्या मधली होती. आनंद यादव ह्यांनी *नटरंग* ह्या कादंबरीत नाच्याची भूमिका पतकरणाऱ्या गुणा कागलकर ह्या पैलवान तरुणाची शोकांतिका रंगविली. कलेपायी स्त्रीसुलभ हावभाव आत्मसात केल्याबद्दल त्याला कुटुंब व गाव दोन्ही गमवावे लागतात. तिच्यावर आधारलेला रवी जाधव ह्यांचा चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला.

कादंबरी : जोगत्यांचे जीवन मराठी कादंबरीत ठळकपणे आणण्याचे श्रेय राजन गवस ह्यांना दिले जाते. *चौंडकं* (१९८५) मध्ये जोगतिणीचे, तर *भंडारभोग* (१९८८) मध्ये जोगत्याचे जीवन चित्रित झाले आहे. ह्या लेखनास सामाजिक पार्श्वभूमी होती. सीमाभागातील सौंदत्तीच्या यल्लम्मास मुले-मुली वाहण्याच्या रूढीविरुद्ध गडहिंग्लज परिसरात १९७० नंतर चळवळ उभी राहिली होती. डोक्यात जट आली, दीर्घकाळ दुखणे हटेना, की देवीने मागणी घातली असे समजून कोवळ्या वयातील मुलास लुगडे नेसविले जाई, हाती परडी दिली जाई. त्यानंतर त्याला विवाह करता येत नसे व शेतातील पुरुषी कामही कोणी देत नसे. जोगवा मागणे एवढाच मार्ग उरे. गवस ह्यांनी कोल्हापूरच्या दक्षिणेकडील बोलीचा वापर करून हे जीवन कोणताही भावविवश रंग न देता मांडले. देव, रूढी, दारिद्र्य व गावातील सत्ता ह्यांच्या संगनमतातून एक माणूस कसा घडविला जातो, ह्याचे हे चित्रण आहे.

ह्या दोन कादंबऱ्या व चारुता सागर ह्यांची ‘दर्शन’ ही कथा ह्यांवर राजीव पाटील दिग्दर्शित *जोगवा* (२००९) हा चित्रपट आधारलेला आहे. पुनर्मीलनकथेचा आकार ह्या विषयास प्रथम ठळकपणे येथे लाभला. देवीला वाहिली गेलेली सुली व स्त्रीवेष लादला गेलेला तायप्पा ह्या दोघांचे प्रेमजीवन सुरू होण्यापूर्वीच संपविण्यात आले आहे. जोगवा मागत फिरताना ते परस्परांच्या जवळ येतात व अखेरीस रूढीचे बंधन झुगारतात. ५६ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा चित्रपट सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. उपेंद्र लिमये ह्यांना अभिनयाचा, अजय-अतुल ह्यांना संगीत दिग्दर्शनाचा आणि हरिहरन व श्रेया घोषाल ह्यांना पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला.

*जोगवा* मधील सुटका ही पुरुषाने पुन्हा पुरुष होण्यातून येते, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तायप्पावर वेष लादलेला असल्यामुळे तो उतरविणे म्हणजेच मुक्ती, ही मांडणी त्याच्यापुरती यथार्थ आहे. परंतु ज्या व्यक्तीस तो वेष आपलाच वाटतो, तिला ह्या कथेत जागा नाही. तिच्या दृष्टीने लुगडे उतरविणे ही सुटका नसून नवी सक्तीच ठरते. मराठी साहित्यातील पुढील टप्प्याचा आरंभ ह्या फरकापासून होतो. ह्या दृष्टीने अमोल पालेकर ह्यांचा *दायरा* (१९९६) हा हिंदी चित्रपट काळाच्या पुढे होता. स्त्रीवेषात वावरणारा नर्तक (निर्मल पांडे) आणि अत्याचारानंतर पुरुषवेष घेणारी तरुणी (सोनाली कुलकर्णी) ह्यांच्यात निर्माण होणारे प्रेम त्यात दाखविले आहे. दोघांपैकी कोणीही ‘मूळ’ रूपाकडे परतावे, असा आग्रह त्यात धरलेला नाही.

आत्मकथन व कविता : ठाणे येथील लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचे *मी हिजडा, मी लक्ष्मी!* हे आत्मकथन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन वैशाली रोडे ह्यांनी केले. दलित व भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी मराठीत जी वाट पाडली, तिच्यावरचेच हे पुढचे पाऊल म्हणता येईल. तृतीयपंथी व्यक्ती येथे लेखकाच्या सहानुभूतीचा विषय राहिली नाही. ती स्वतःच निवेदक झाली. घर, आईवडील, नृत्य, मैत्री, प्रेम व त्यातील वंचना ह्यांविषयी ती प्रथमपुरुषी एकवचनात बोलू लागली. नाशिकला लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर येथील दिशा पिंकी शेख ह्यांच्या *कुरूप* ह्या काव्यसंग्रहाने हाच स्वर कवितेत आणला. पुणे येथे २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट ही संस्था स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे ह्यांनी *पार्टनर* ही कादंबरी लिहून समलिंगी तरुणाचे भावविश्व मराठीत आणले. तिचा विषय निराळा असला, तरी लैंगिकतेविषयी मराठीत सरळपणे बोलण्यास तिचे साहाय्य झाले. गौरी सावंत ह्यांच्या जीवनावर रवी जाधव ह्यांनी *ताली* (२०२३) ही हिंदी मालिका दिग्दर्शित केली. *नटरंग* पासून *ताली* पर्यंतचा एकाच दिग्दर्शकाचा हा प्रवास मराठी कलाविश्वातील बदलाचा द्योतक आहे.

हिंदीतील चित्रा मुद्गल ह्यांची *पोस्ट बॉक्स नं. २०३ नाला सोपारा* (२०१६) ही कादंबरी महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहे. तिला २०१८ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. घरातून तुटलेल्या विनोदने आईस लिहिलेल्या पत्रांतून ती उलगडते. येथे पुनर्मीलनाची आस प्रियकराची नसून घराची आहे. आई परतीची हाक देते, पण तोवर फार उशीर झालेला असतो. तृतीयपंथीयांच्या जीवनात प्रेमभंगापूर्वी गृहभंग येतो, हे सत्य ह्या कादंबरीने ठसविले. गुरू-चेला परंपरेने बांधलेले घराणे हेच अनेकांचे दुसरे घर ठरते, तेही ह्याच कारणाने.

पाश्चात्त्य साहित्य : ह्या प्रकारच्या आधुनिक कादंबरीची पूर्वसूरी म्हणून व्हर्जिनिया वुल्फच्या *ऑरलँडो* (१९२८) चा निर्देश केला जातो. तीतील नायक झोपेतून जागा होतो तो स्त्री म्हणून, व शतकानुशतके जगत राहतो. दुसऱ्या बाजूस जेन ऑस्टेनच्या *पर्सुएशन* (१८१७) ने तुटलेल्या प्रेमाच्या पुनःप्राप्तीचा नमुना घालून दिला. हे दोन प्रवाह अॅलेक्सिस हॉल ह्यांच्या *अ लेडी फॉर अ ड्यूक* (२०२२) ह्या कादंबरीत एकत्र आले. वॉटर्लूच्या लढाईत मृत समजली गेलेली व्यक्ती तीत स्त्री म्हणून नवे जीवन सुरू करते, आणि तिच्या वियोगाने खचलेल्या जुन्या मित्रास पुन्हा भेटते. त्याने तिला ओळखणे व तिने आपली ओळख देणे, ह्या दोन क्रियांवर कथानक उभे आहे. अंबेलाही दुसरा जन्म घ्यावा लागला होता. परंतु तेथे त्याचा शेवट रणांगणावर झाला, तर येथे तो विवाहात होतो.

कायदा व विवाह : कथेतील सुखान्त बहुधा विवाहाने होत असल्याने कायद्याची बाजू येथे महत्त्वाची ठरते. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ ह्या सदराखाली भारतात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या निर्णयात स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. संसदेने केलेला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा अधिनियम १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला. त्यात विवाहाविषयी तरतूद नव्हती. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ मध्ये हिंदू विवाह अधिनियमातील ‘वधू’ ह्या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही अंतर्भाव होतो, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिला. परंतु भिन्नलिंगी संबंधात असलेल्या तृतीयपंथी व्यक्तींना प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, हे त्याने स्पष्ट केले. जे नाते पूर्वी केवळ कल्पनेत पूर्णत्वास जात होते, त्यास ह्या निर्णयांमुळे नोंदणीपुस्तकात जागा मिळाली.

समालोचन : मराठीतील ह्या परंपरेचे तीन टप्पे पडतात. पहिल्यात लिंगांतर हे दैवी घटना, शाप वा वर ह्यांचे फळ असते व दुसरी संधी पुढील जन्मी मिळते. दुसऱ्यात, म्हणजे ग्रामीण कादंबरी व तिच्यावरील चित्रपटांत, ते समाजाने लादलेले दुर्दैव असते, आणि दुसरी संधी पूर्वरूपास परतण्यात असते. तिसऱ्या टप्प्यात ते व्यक्तीचे स्वतःचे सत्य असते. तेथे व्यक्तीला परतावयाचे नसते. जी आहे ती म्हणूनच तिला स्वीकारले जावे, ही अपेक्षा असते. हे टप्पे एकापाठोपाठ आले, तरी आधीचा टप्पा नाहीसा झालेला नाही. सप्तशृंगी गडावरील छबिना, जोगत्याची परडी व न्यायालयाचा निवाडा ही तिन्ही एकाच काळात नांदत आहेत. तृतीयपंथी व्यक्तीला आशीर्वाद मागण्याची रीत मराठी समाजाला पूर्वापार ठाऊक आहे. तिलाही कोणाच्या घरी परतावयाचे असू शकते, ही जाणीव मात्र त्याच्या साहित्यात अलीकडच्या काळात रुजू लागली आहे.